लायसन्स आले, नोकरी कधी? नव्या पायलटांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी

"मुलगा पायलट झाला ना, मग विमान कधी उडवणार?"

उल्हासनगर कॅम्प १ मधल्या एका घरात हा सवाल दीड वर्षापासून ऐकू येतोय. कधी नात्यातल्या निकाहमध्ये, कधी जुम्याच्या नमाजनंतर, कधी शहाड स्टेशनच्या पुलावर. मुलाकडे डीजीसीएचे कमर्शियल पायलट लायसन्स आहे. त्यासाठी अम्मीचे दागिने गेले, गावाकडची जमीन गेली. नोकरी मात्र अजून नाही. आता तो मुलगा लोकांत मिसळणेच टाळतो. शिक्षकी पेशामुळे अशी मुले आणि त्यांचे पालक आमच्याकडे येतात. त्यांना आम्ही जे सांगतो, तेच इथे लिहीत आहोत.

लायसन्स म्हणजे नोकरी नव्हे

बारावीला फिजिक्स आणि मॅथ्स, डीजीसीएचे पेपर, क्लास १ मेडिकल आणि 200 तासांचे उड्डाण. एवढे झाले की लायसन्स मिळते. पण हे तास छोट्या विमानावरचे असतात. एअरबस 320, बोइंग 737 किंवा एटीआर उडवायचे तर त्या त्या विमानाचे वेगळे ट्रेनिंग लागते. त्याला टाइप रेटिंग म्हणतात आणि त्याचा खर्चही लाखांत असतो. काही वेळा एअरलाइन आधी निवड करते आणि मग हे ट्रेनिंग होते, काही वेळा रेटिंग असलेल्यांनाच बोलावतात. म्हणून जाहिराती नीट वाचल्याशिवाय पुन्हा कर्ज काढू नये. रेटिंग घेतले म्हणजे नोकरी पक्की, असेही नाही.

पायलटची टंचाई आहे, मग आमचा मुलगा घरी का?

पालकांचा हा सवाल रास्त आहे. पेपरमध्ये ज्या टंचाईची बातमी येते ती बहुतेक वेळा कॅप्टनची असते. कॅप्टन होण्यासाठी जे मोठे लायसन्स लागते, त्यालाच किमान 1500 तास हवेत. 200 तासांचा मुलगा को-पायलट म्हणून लागतो आणि सुरुवातीला त्याला अनुभवी ट्रेनर कॅप्टनच्या शेजारी बसूनच शिकावे लागते. ट्रेनर कॅप्टन कमी, विमाने उशिरा येणारी, शिवाय एअरलाइन्सच्या स्वतःच्या कॅडेट प्रोग्रॅममधली मुलेही त्याच रांगेत. त्यामुळे एकीकडे टंचाई आणि दुसरीकडे घरी बसलेले नवे पायलट, हे दोन्ही एकाच वेळी खरे असते. यात मुलाची नालायकी शोधू नका.

हा धंदा लाटांचा आहे

17 एप्रिल 2019 ला जेट एअरवेज बंद पडली. अनुभवी पायलट बाजारात आले आणि नव्या मुलांची रांग मागे सरकली. मार्च 2020 मध्ये कोरोनामुळे प्रवासी विमाने जमिनीवर आली, देशांतर्गत उड्डाणे 25 मे ला पुन्हा सुरू झाली. ऑगस्ट 2022 मध्ये अकासा एअर सुरू झाली. मे 2023 मध्ये गो फर्स्ट थांबली. त्याच वर्षी एअर इंडियाने 470 आणि इंडिगोने 500 विमानांची ऑर्डर दिली. आपल्या भागापासून फार लांब नसलेल्या नवी मुंबई विमानतळावरून डिसेंबर 2025 मध्ये उड्डाणे सुरू झाली. दार बंद होते आणि पुन्हा उघडतेही. उघडेल त्या दिवशी आपण तयार असायला हवे.

तयारी म्हणजे नेमके काय?

पहिले, कागद जिवंत ठेवणे. लायसन्सची मुदत 2023 पासून दहा वर्षांची झाली आहे, पण मेडिकल आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंग यांचे दरवर्षी बघावे लागते. या तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. नोकरीची जाहिरात आली आणि मेडिकल संपलेले निघाले, तर ते दुःख फार मोठे असते.

दुसरे, अभ्यास. एअरलाइनच्या निवडीत लेखी परीक्षा, अॅप्टिट्यूड टेस्ट, सिम्युलेटर आणि इंटरव्ह्यू असे टप्पे असतात. रोज दोन तास हवामान, नेव्हिगेशन, इंजिन यांची उजळणी करावी. उर्दू किंवा मराठी माध्यमातल्या मुलांनी रोज मोठ्याने इंग्रजी बोलण्याचा सराव करावा. त्यात लाज कसली?

तिसरे, काम. फ्लाइंग स्कूलमध्ये इन्स्ट्रक्टर होता आले तर तास वाढतात. ते नाही जमले तर पेपरची तयारी करून घेणाऱ्या क्लासमध्ये शिकवणे, एअरलाइनच्या ऑपरेशन्स विभागातली नोकरी, ड्रोनचे ट्रेनिंग हे रस्ते आहेत. असे काम कमीपणाचे नाही. घराला हातभार लागतो आणि माणूस या लाइनीत राहतो.

दोन धोके

पैसे घेऊन एअरलाइनमध्ये लावून देतो म्हणणारा एजंट भेटला, तर त्याला दारातूनच सलाम करा. भरती एअरलाइनच्या स्वतःच्या वेबसाइटवर बघावी. लॉगबुकमध्ये खोटे तास तर कधीच लिहू नयेत. 2011 मध्ये बनावट गुणपत्रिकांवर लायसन्स मिळवल्याची प्रकरणे उघड झाली, पायलटांना अटकही झाली. हरामच्या रस्त्याने मिळालेल्या खुर्चीत मागच्या प्रवाशांचा जीव टांगलेला असतो.

दुसरा धोका मनातला. नकार आला की काही मुले म्हणतात, "सर, आपलं नाव बघूनच काढलं असेल." असे कुठेच होत नाही, असे आम्ही म्हणणार नाही. पण प्रत्येक नकाराचे कारण तेच धरले, तर कच्चा राहिलेला पेपर कधीच पक्का होणार नाही. आधी स्वतःची तयारी तपासा.

आपल्याआधी वाट पाहिलेले

प्रेम माथुर या भारताच्या पहिल्या महिला कमर्शियल पायलट. 1947 मध्ये लायसन्स हाती असूनही आठ कंपन्यांनी त्यांना नाकारले. शेवटी हैदराबादच्या डेक्कन एअरवेजने घेतले. 1949 मध्ये त्यांनी नॅशनल एअर रेस जिंकली. त्याच हैदराबादच्या सय्यदा सल्वा फातिमा या बेकरीत काम करणाऱ्या वडिलांची मुलगी. त्यांचे ट्रेनिंग 2007 मध्ये सुरू झाले, लायसन्स 2013 मध्ये आले. पुढच्या मोठ्या ट्रेनिंगला पैसे नव्हते, तेव्हा तेलंगणा सरकारने मदत मंजूर केली. सहा वर्षे लायसन्सला आणि त्यानंतरही वाट. मग दीड वर्षात हार कशाला मानायची?

घरच्यांना दोन शब्द

अब्बा, अम्मी, खाला, मामू, सगळ्यांना विनंती आहे. "नोकरी लागली का?" हे रोज विचारू नका. लागली की तो स्वतःच मिठाई घेऊन येईल. त्याऐवजी "आज काय वाचलंस?" असे विचारा. कर्जाचा हिशोब मुलासोबत बसून मोकळेपणाने करा. व्याजाबद्दल मनात शंका असेल तर आलिमांचा सल्ला घ्या, पण तो विषय मुलाला टोमणा म्हणून वापरू नका. किती काळ थांबायचे आणि सोबत कोणते काम धरायचे, हे एकत्र ठरवा. मुलगा गप्प गप्प राहत असेल, झोप-जेवण सुटले असेल, तर डॉक्टरांकडे न्यायला संकोच नको.

मायूसी आपल्या दीनमध्ये मना आहे, पण नुसते बसून राहणे म्हणजे तवक्कुल नव्हे. आधी उंट बांधायचा, मग भरोसा ठेवायचा. पायलटचा उंट म्हणजे चालू मेडिकल, खरे लॉगबुक आणि रोजचे दोन तास. तेवढे बांधून ठेवा. बाकी अल्लाह मालिक आहे. इन्शाअल्लाह, कॅम्प १ च्या त्या घरातही एक दिवस मिठाई वाटली जाईल.