बारावा प्रवासी चढला की जमलं!

तेलंगणातल्या उटनूरला रेल्वे नाही. आदिलाबादला जायचं असो की मंचेरियालला, आरटीसीच्या, म्हणजे राज्य परिवहनाच्या, बसची वाट बघायची, नाहीतर मोटारसायकलला किक मारायची. यात हवेला कमी त्रास कुणाचा?

एक लिटर डिझेल जळलं की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, पेट्रोलचा २.३ किलो. बस लिटरला ५ किलोमीटर आणि मोटारसायकल ५० किलोमीटर जाते असं धरू. मग ५० किलोमीटरला बस २७ किलो सोडणार, मोटारसायकल फक्त २.३. बस खलनायक वाटली ना? आता तिच्यात पन्नास माणसं बसवा. माणशी जेमतेम ५४० ग्रॅम! एकट्या मोटारसायकलवाल्याच्या पाव हिश्शाहूनही कमी. बारावा प्रवासी चढला की पारडं बसकडे झुकतं. डबलसीटवाल्यांना हरवायला मात्र चोवीस जण हवेत. आणि पाच जणांना घेऊन खडखडत निघालेली बस? तिच्यापेक्षा मोटारसायकल परवडली. म्हणजे गर्दी हीच खरी हिरवाई.

ही गर्दी वाढवली 'महालक्ष्मी' योजनेनं. ९ डिसेंबर २०२३ पासून तेलंगणातल्या महिलांना आणि तृतीयपंथीयांना साध्या 'पल्ले वेलुगु' आणि एक्स्प्रेस बसमध्ये मोफत प्रवास. आधार दाखवा, झिरो तिकीट घ्या. सीट न मिळालेले पुरुष कुरकुरतात, कुरकुरू देत. अर्थात जी बाई आधी पायीच जायची, ती बसमध्ये आल्यानं पेट्रोल वाचत नाही. पाय वाचतात, आणि तेही काही थोडं नाही.

लालपरीच्या अभिमान्यांनी रागावू नये, पण इकडची बस थोरली. एसटी पुणे–अहमदनगर मार्गावर धावली १ जून १९४८ ला. निजामाच्या रेल्वेनं २७ बस आणि १६६ कर्मचाऱ्यांनिशी १९३२ मध्येच सुरुवात केली होती. आता महाराष्ट्रात असलेले किनवट, राजुरा तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यातच होते, थेट १९५६ पर्यंत. आरटीसीच्या नंबरप्लेटवरचा 'झेड' निजामाच्या आईच्या, झहरा बेगमच्या नावाचा, असं सांगतात.

पौष अमावास्येला केसलापूरला नागोबाची जत्रा भरते, तेव्हा आरटीसी जादा गाड्या सोडते. पण धूर न करण्यात पहिला नंबर बसचा नाहीच. नागोबासाठी गोदावरीचं पाणी आणायला मेसराम कुळातली मंडळी आजही पायीच जातात.