उपासनेत मुलांचा वाटा

यरुशलेमच्या मंदिरात मुले मोठ्याने प्रभूचा जयजयकार करू लागली, तेव्हा मुख्य याजकांना व शास्त्र्यांना ते रुचले नाही, असे संत मत्तयाने नमूद करून ठेवले आहे. प्रभूने मात्र मुलांना गप्प केले नाही. बालकांच्या व तान्ह्यांच्या मुखांतून देव आपली स्तुती करवून घेतो, याची त्याने त्या विद्वानांनाच आठवण करून दिली. वाचकहो, हा प्रसंग आपल्या परिचयाचा आहे; पण त्यातील प्रश्न आपल्या देवळात दर रविवारी पुन्हा उभा राहतो. मिस्साच्या वेळी मुलांनी काय करावयाचे?

पुष्कळ घरांतून याचे एकच उत्तर मिळते: गप्प बसावयाचे. हलू नकोस, बोलू नकोस, मागे वळून पाहू नकोस, एवढाच उपासनेचा धडा मुलाच्या वाट्याला येतो. अलीकडे तर मूल चुळबुळ करू लागले की त्याच्या हाती मोबाइल देऊन आईबाप मोकळे होतात. असे दहा वर्षे बसविलेले मूल पंधराव्या वर्षी देवळाच्या दाराबाहेर उभे राहू लागते, आणि विसाव्या वर्षी तेथेही दिसेनासे होते. मग आपण काळाला दोष देतो. परंतु ज्या घरात आपल्याला कधी कोणी काम सांगितले नाही, ते घर आपले आहे असे त्या मुलाला कशावरून वाटावे?

या बाबतीत ख्रिस्तसभेचे मन स्पष्ट आहे. परमगुरू दहावे पायस यांनी १९१० साली, समज येऊ लागलेल्या, म्हणजे सुमारे सात वर्षांच्या मुलाला ख्रिस्तशरीरापासून दूर ठेवू नये असा आदेश दिला. दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने १९६३ साली उपासनेविषयीच्या संविधानात सर्व भाविकांनी जाणीवपूर्वक व सक्रिय भाग घ्यावा असे सांगितले. त्याला धरून १ नोव्हेंबर १९७३ रोजी रोमहून मुलांच्या मिस्सांसाठी एक मार्गदर्शिका निघाली. वेदीची तयारी करणे, गाणे, वाद्य वाजविणे, वाचन करणे, अर्पणे घेऊन येणे ही कामे मुलांना द्यावीत, असे तिच्यात सांगितले आहे. मुलांनी स्वतः काढलेली चित्रे प्रवचनाच्या वा प्रार्थनांच्या वेळी उपयोगी पडू शकतात, एवढा बारकावाही तिने सोडलेला नाही. सारांश, मुलांना गाऊ द्यावे, रंगवू द्यावे, ही एखाद्या हौशी धर्मगुरूची लहर नव्हे.

मुळात ही रीत जुनीच आहे. १२२३ सालच्या नाताळात असिसीकर संत फ्रान्सिस यांनी ग्रेच्चो या डोंगरी खेड्यात गव्हाण रचविली, गवत आणविले, बैल व गाढव उभे केले. प्रभूच्या जन्मातील दारिद्र्य लोकांनी डोळ्यांनी पाहावे, ही त्यांची इच्छा. पण तो देखावा नुसता देखावा राहिला नाही. त्या गव्हाणीवरच मिस्सा अर्पण झाली आणि उपयाजक असलेल्या फ्रान्सिस यांनी शुभवर्तमान गाऊन सांगितले. कला वेदीपर्यंत घेऊन जाते, वेदीची जागा घेत नाही, हा धडा ग्रेच्चोने आठशे वर्षांपूर्वी घालून दिला आहे.

आपल्या भूमीकडे पाहा. संत फ्रान्सिस झेवियर १५४२ साली गोव्यात उतरले, आणि हातात घंटा घेऊन रस्त्यांतून मुलांना गोळा करू लागले. धर्मतत्त्वे चालीवर म्हणावयास ते शिकवीत. मग मुले तीच गाणी घरोघरी नेत. दक्षिणेकडील मोत्यांच्या किनाऱ्यावर तर आजाऱ्यांच्या घरी प्रार्थना करण्यासाठी ते मुलांनाच पाठवीत. मुले ही केवळ धर्म शिकणारी नव्हेत, ती धर्म पोहोचविणारी आहेत, हे त्यांनी ओळखले होते.

पुढे गोव्यात चर्चच्या आश्रयाने चालणाऱ्या शाळांतून धर्मशिक्षणाबरोबर स्वरलिपी, गायन आणि व्हायोलिन शिकविले जाऊ लागले. शेतकऱ्यांची, रेंदेरांची मुले देवळाच्या गायकवृंदात उभी राहून गाऊ लागली. मुंबईच्या चित्रपटसंगीतात नाव मिळविलेले माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) हे अशाच एका चर्चच्या गायकवृंदप्रमुखाचे चिरंजीव. आणि आपल्या भाषेचे म्हणाल, तर येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली ओवीबद्ध रूपात अवतरले. जात्यावरची आजी जी ओवी गात होती, तीच प्रभूच्या चरित्राला त्यांनी दिली. नातवाला ती ओवी परकी कशी वाटावी?

परंतु मुलांच्या हाती काय द्यावे, याचा सर्वांत सुंदर वस्तुपाठ मला बार्सिलोना शहरातील वाटतो. बालशिक्षणाच्या आचार्या मारिया माँटेसरी यांच्या पद्धतीने तेथे पहिल्या महायुद्धाच्या काळात एक शाळा चाले, आणि तिच्यात मुलांसाठी खास प्रार्थनागृह केले होते. खुर्च्या लहान, पवित्र पाण्याची भांडी मुलांचा हात पोहोचेल एवढ्या उंचीवर, चित्रे त्यांच्या डोळ्यांसमोर. एवढ्यावर ते थांबले नाहीत. मुलांनी स्वतः गहू पेरला, द्राक्षवेल लावली, त्यांची निगा राखली. कापणीचा सोहळा केला. ज्या भाकरीचे व द्राक्षरसाचे वेदीवर ख्रिस्तशरीर व ख्रिस्तरक्त होते, ती भाकरी व तो रस कोठून येतो, हे त्या मुलांनी पुस्तकात वाचले नाही. ते त्यांच्या हाताला ठाऊक झाले. याच माँटेसरीबाई १९३९ साली भारतात आल्या आणि त्यांनी येथील शेकडो शिक्षकांना शिकविले.

आपण खेड्यातली माणसे; हा धडा आपल्याला अवघड नाही. साष्टीतील राय गावी दर वर्षी ५ ऑगस्टला नव्या भाताची कणसे आशीर्वादित होतात. आपल्या गावी सण कोणत्याही तारखेला असो. त्या मिस्साला मुलाने बाजारातून आणलेली फळांची टोपली धरण्यापेक्षा आपल्या बांधावरच्या चार लोंब्या स्वतः कापून आणाव्यात. चिखलात बापाबरोबर उभा राहिलेला मुलगा जेव्हा त्या लोंब्या धर्मगुरूंच्या हाती देतो, तेव्हा अर्पण या शब्दावर वेगळे प्रवचन करावे लागत नाही.

आणखी पुष्कळ करता येईल. पवित्र आठवड्यात प्रभूच्या दुःखसहनाचे शुभवर्तमान निरनिराळ्या आवाजांत वाचले जाते. मुलांच्या मिस्सांत इतर उताऱ्यांचेही असे वाचन करण्यास उपरोक्त मार्गदर्शिकेने मुभा दिली आहे. क्रुसाच्या वाटेची चौदा चित्रे चौदा मुलांनी काढावीत. ज्याला सूर नाही त्याने झांज धरावी. ज्याला ताल नाही त्याने मेणबत्ती धरावी. जो बोलताना अडखळतो, तो रंगात अडखळत नाही. आणि शांतताही शिकवावी. ओरडून लादलेली शांतता वेगळी, आणि गाणे संपल्यावर मुलांनी आपण होऊन धरलेली शांतता वेगळी.

मात्र येथे एक धोका आहे, आणि तो लहान नाही. मिस्सा म्हणजे शाळेचे स्नेहसंमेलन नव्हे. भरजरी पोशाख आले, पुढच्या बाकांवरून फोटो काढणारे उठले, टाळ्या पडल्या, की देवासमोर उभे असलेले मूल क्षणात प्रेक्षकांसमोर उभे राहते. उपासनाविधी साधेपणानेच उदात्त दिसावेत, अशी महासभेची अपेक्षा आहे. शिवाय पोशाखाचा खर्च आला की मजुराचे मूल मागे सरकते. देवदूत होण्यासाठी पैसे पडत असतील, तर बेथलेहेमचा गोठा आपल्याला समजलाच नाही. म्हणून काही गोष्टी धर्मग्रामाने ठरवून टाकाव्यात. पोशाख रोजचा, धुतलेला. काम पाळीपाळीने, गोड गळ्याच्या त्याच चार मुलांना नव्हे. तयारी आधी अर्थाची, मग चालीची. मिस्सा चालू असता फोटो नकोत, आणि टाळ्याही नकोत; कौतुक करावयाचे ते घरी जेवताना करावे.

कोणी म्हणतील, मुले चुकतील, सूर ढळेल, मोठ्यांचे लक्ष विचलित होईल. होईल थोडेसे. पण शिष्यांनी मुलांना प्रभूपासून दूर सारले तेव्हा प्रभू रागावला, तो मुलांवर नव्हे, शिष्यांवर. आणि मोठ्यांच्या लक्षाचे म्हणाल, तर मुले गात असताना मोठेही गाऊ लागतात.

मातापित्यांनो, शेवटचे काम तुमचे आहे. मुलाला सरावाला पाठवून आपण अंगणात गप्पा मारीत थांबू नका. शनिवारी रात्री त्याच्याबरोबर रविवारचे शुभवर्तमान वाचा. त्याने चित्र काढले तर ते काय आहे हे त्यालाच विचारा. त्याची ओवी चुकली तर हसू नका, तुम्हीही म्हणा. बाप्तिस्म्याच्या दिवशी याच मुलाच्या वतीने मेणबत्ती तुम्ही हाती घेतली होती. आता ते मूल मोठे झाले आहे. ती मेणबत्ती त्याच्या हाती देण्याची वेळ आली आहे.