पोरांचा खेळ, प्राध्यापकांची डोकेदुखी

१८५२ च्या ऑगस्टमध्ये न्यू हॅम्पशरमधल्या विनिपेसाकी सरोवरावर हार्वर्ड आणि येल या कॉलेजांच्या विद्यार्थ्यांनी होड्यांची शर्यत लावली. अमेरिकेतला हा पहिला आंतरमहाविद्यालयीन सामना. खर्च उचलला तो एका रेल्वे कंपनीने. शर्यत बघायला माणसं येतील, तिकिटं खपतील, असा तिचा सरळ हिशेब होता. शर्यत हार्वर्डने मारली. कॉलेजच्या चालकांचा या सगळ्याशी काडीचाही संबंध नव्हता.

पुढची तीसेक वर्षं कारभार असाच चालला. सकाळी सक्तीची प्रार्थना, मग लॅटिन-ग्रीकची घोकंपट्टी, हे कॉलेजचं. खेळ मात्र पोरांचे. वर्गणी तेच काढत, कप्तान तेच निवडत, दुसऱ्या कॉलेजला आव्हानाची पत्रंही तेच धाडत. ६ नोव्हेंबर १८६९ रोजी रटगर्स आणि प्रिन्स्टन यांच्यात पहिला आंतरमहाविद्यालयीन फुटबॉल सामना झाला तो याच पद्धतीने. एका बाजूला २५ खेळाडू, चेंडू हातात घेऊन पळायला बंदी. रटगर्सने ६-४ अशी बाजी मारली.

आज ज्याला अमेरिकन फुटबॉल म्हणतात, तो घडवला येलच्या वॉल्टर कॅम्पने. १८८० मध्ये त्याच्या आग्रहावरून संघ ११ जणांचा झाला आणि चेंडू कुणाच्या ताब्यात आहे हे स्पष्ट ठरू लागलं. लगेच पळवाट निघाली. १८८१ च्या सामन्यात प्रिन्स्टनने अर्धा वेळ चेंडू नुसता धरून ठेवला, उरलेला अर्धा वेळ येलने. निकाल ०-०, प्रेक्षक वैतागलेले. पुढच्याच वर्षी नियम आला: तीन प्रयत्नांत पाच यार्ड पुढे सरका, नाहीतर चेंडू सोडा. अंतर मोजता यावं म्हणून मैदानावर दर पाच यार्डांवर चुन्याच्या रेघा उमटल्या.

या यार्डांसाठी रेटारेटी वाढली. १८९२ मध्ये हार्वर्डने येलविरुद्ध एक नवी चाल काढली. खेळाडू दोन तुकड्यांत मागून धावत यायचे, पाचरीच्या आकारात एकत्र व्हायचे आणि चेंडूवाल्याला आडोशाला घेऊन समोरच्या एकाच माणसावर तुटून पडायचे. ही चाल शोधणारे लोरिन डेलँड स्वतः कधी फुटबॉल खेळलेले नव्हते. त्यांना नाद होता बुद्धिबळाचा आणि नेपोलियनच्या लढायांचा. या चालीत इतकी हाडं मोडू लागली की १८९४ मध्ये तिच्यावर बंदी घालावी लागली. तरी त्याच वर्षीचा हार्वर्ड-येल सामना इतका रक्तबंबाळ झाला की पुढची दोन वर्षं दोन्ही संघ एकमेकांशी खेळलेच नाहीत.

तोवर पैसाही आला होता. १८९३ च्या थँक्सगिव्हिंग सणाला न्यूयॉर्कमध्ये येल-प्रिन्स्टन सामन्याला सुमारे ४०,००० माणसं लोटली. एवढा गल्ला पोरांच्या हाती, आणि कप्तानाला काहीही करून जिंकायचं! मग वर्गात नावापुरते असलेले गडी संघात दिसू लागले.

व्यायामाला प्राध्यापकांचा विरोध नव्हता. ॲमहर्स्ट कॉलेजात एडवर्ड हिचकॉक १८६१ पासून विद्यार्थ्यांची उंची, वजन, छाती मोजून नोंदवहीत लिहीत होते. स्मिथ या मुलींच्या कॉलेजात सेंडा बेरेन्सन यांनी नवा कोरा बास्केटबॉल आणला, पण मैदानाचे तीन भाग पाडले आणि चेंडू हिसकावायला मनाई केली. १८९३ च्या सामन्याला पुरुषांना प्रवेशच नव्हता.

मुलांच्या फुटबॉलला मात्र लगाम घालणं सोपं नव्हतं. हार्वर्डच्या प्राध्यापकांनी १८८५ मध्ये एका हंगामापुरती बंदी घालून पाहिली. खेळ परत आलाच. अखेर जानेवारी १८९५ मध्ये सात विद्यापीठांचे अध्यक्ष शिकागोत जमले. खेळाडू खरोखर शिकणारा हवा, अभ्यासात मागे पडलेला नको, असे दंडक त्यांनी घातले. पुढच्या वर्षी प्राध्यापकांच्या प्रतिनिधींनी कायमची संघटना उभी केली, तीच आजची ‘बिग टेन’.

त्या सातांत शिकागो विद्यापीठही होतं. याच विद्यापीठाने १८९२ मध्ये येलचा नावाजलेला खेळाडू ॲमॉस ॲलॉन्झो स्टॅग याला प्रशिक्षक म्हणून आणलं होतं आणि सोबत प्राध्यापकाची कायम नोकरीही दिली होती.