गोल घर, कौलारू घर आणि वारा

दिवेआगरच्या किनाऱ्यावर सहलीला गेलेल्यांना बोर्ली पंचतन हे नाव ठाऊक असते. रायगड जिल्ह्याच्या श्रीवर्धन तालुक्यातले हे बाजाराचे गाव. भोवती भातखाचरे, जांभ्याचे गडगे, पावसाळ्यात दुथडी वाहणारे ओहोळ आणि किनाऱ्याकडे नारळी-पोफळीच्या वाड्या. आता अशी कल्पना करा, की येथे एका ओहोळाच्या काठी तुम्हाला एक लहानसे घर उभारायचे आहे. विजेची तार नाही, नळ नाही. आणि घर साधे नव्हे, तर मंगोलियातल्या मेंढपाळांचे गोल, तंबूसारखे घर. त्याला आपल्याकडे 'यर्ट' या नावाने ओळखतात. मंगोल लोक त्याला 'गेर' म्हणतात. सुट्टीत राहण्यासाठी असे तंबू उभारण्याची टूम हल्ली जगभर निघाली आहे. चित्रात ते फार छान दिसतात. पण कोंकणात ते टिकेल का? चला, थोडी आकडेमोड करून पाहू.

प्रथम हे घर कसे असते ते समजून घेऊ. लाकडी पट्ट्या एकमेकींवर तिरप्या बांधून केलेली जाळी हीच त्याची भिंत. ती कात्रीसारखी मिटते आणि उघडते, म्हणून जनावरावर लादून नेता येते. जाळीच्या वरच्या काठापासून वासे निघतात आणि मध्यभागी एका लाकडी चक्रात जाऊन बसतात. सर्वांवर लोकरीच्या नमद्याचे जाड पांघरूण. एकही खिळा न ठोकता माणसे ते काही तासांत उभे करतात. गेर बांधण्याच्या या कलेचा युनेस्कोने 2013 साली मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत समावेश केला. किरगिझस्तानच्या राष्ट्रध्वजावर तर या घराच्या माथ्यावरचे चक्रच आहे.

घर गोलच का? वही-पेन्सिल घ्या. 6 मीटर व्यासाच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ सुमारे 28.3 चौरस मीटर आणि परिघ 18.9 मीटर. तेवढ्याच क्षेत्रफळाच्या चौरसाची परिमिती 21.3 मीटर भरते. म्हणजे चौकोनी घराला भिंत सुमारे 13 टक्के जास्त लागते. भिंत जितकी कमी, तितके सामान कमी आणि थंडीत बाहेर जाणारी उष्णताही कमी. उणे 30 अंशांच्या हिवाळ्यात ही बचत लहान नव्हे. दुसरा फायदा वाऱ्याचा. सपाट भिंतीवर वारा थेट आदळतो. गोल भिंतीवरून तो दोन्ही बाजूंनी घसरून जातो. उघड्या गवताळ मैदानात कोठून वारा येईल याचा नेम नसतो, तेथे प्रत्येक दिशेला सारखीच पाठ दाखवणारे घर उपयोगी पडते.

येथवर यर्टची बाजू भक्कम दिसते. पण आता 3 जून 2020 हा दिवस आठवा. त्या दुपारी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले. वाऱ्याचा वेग ताशी 100 ते 110 किलोमीटर होता, झोत त्याहून जोराचे. श्रीवर्धन, दिवेआगर, बोर्ली, मुरूड या पट्ट्यातल्या वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या. पोफळीचे नवे झाड फळाला यायला पाचसहा वर्षे तरी लागतात. तेव्हा हे नुकसान एका हंगामाचे नव्हते. विजेचे खांब कोलमडले आणि कित्येक गावांना वीज परत यायला आठवडे लागले. 'तारेवाचून राहणे' हा ज्यांना मौजेचा विषय वाटतो, त्यांनी त्या जूनमधल्या अंधाराची, बंद पडलेल्या पंपांची आणि निकामी मोबाइलची आठवण ठेवावी. आणि घरांची छपरे? ती शेकड्यांनी उडाली.

छपरे का उडतात? वारा त्यांना ढकलतो म्हणून, असे तुम्ही म्हणाल. खरे तर बहुतेक छपरे वर खेचली जातात. वहीच्या कागदाची एक लांब पट्टी खालच्या ओठाखाली धरा आणि तिच्या वरच्या बाजूने जोराने फुंका. लोंबणारी पट्टी वर उचलली जाईल. वाहती हवा पट्टीच्या वळणावरून वाकून जाते, तेव्हा वरच्या बाजूचा दाब घटतो. खालच्या हवेचा दाब मात्र तसाच राहतो आणि तोच पट्टीला वर लोटतो. छपराच्या काठाशी याहून उग्र प्रकार होतो. वेगवान वारा काठावरून एकदम वळू शकत नाही, तो पृष्ठभाग सोडून उसळतो आणि मागे कमी दाबाचा पट्टा ठेवून जातो.

हा जोर किती? अभियंते एक साधे सूत्र वापरतात: वाऱ्याचा वेग सेकंदाला मीटरमध्ये घ्या, त्याचा वर्ग करा आणि 0.6 ने गुणा. दर चौरस मीटरवरचा दाब न्यूटनमध्ये मिळतो. ताशी 110 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 30.6 मीटर. दाब येतो सुमारे 560 न्यूटन, म्हणजे 57 किलो वजनाइतका. छपराच्या काठाशी खेचही साधारण एवढी, कधी त्याहून अधिक असते. 3 मीटर लांब आणि 1 मीटर रुंद पत्र्यावर हा जोर 170 किलोंच्या घरात जातो. पत्र्याचे स्वतःचे वजन जेमतेम 15 किलो! बाकीचा सगळा भार हुकांवर आणि हूक ज्या रिपेत अडकवले तिच्यावर. त्यातून वाऱ्याच्या तोंडावरचे दार किंवा खिडकी उघडली, की आत शिरलेली हवा छपराला खालून लोटू लागते. म्हणून वादळात दारे-खिडक्या घट्ट बंद ठेवायच्या. 'वारा आरपार जाऊ द्यावा' हा सल्ला चुकीचा आहे.

आता आपले जुने कौलारू घर पाहा. मंगलोरी कौलांचे छप्पर दर चौरस मीटरला साधारण 40 किलो भरते. शिवाय कौलांमधल्या फटींतून हवा झिरपते, त्यामुळे आतल्या-बाहेरच्या दाबातला फरक थोडा कमी होतो. तिसरी गोष्ट उताराची. पाख्याचा उतार 30 अंशांच्या आसपास असला, तर वाऱ्याच्या बाजूची खेच जवळजवळ नाहीशी होते; 10 अंशांच्या निवांत उतारावर ती सर्वांत वाईट असते. पत्र्याची छपरे मात्र सामान वाचावे म्हणून कमी उताराची घालतात. कौलेही निसर्ग वादळात उडाली, हे खरे. पण एक कौल उडाले तर एकच भोक पडते, आणि नवे कौल मुलगाही चढवू शकतो. पत्रा उडाला तर तो दुसऱ्याच्या अंगणात तलवारीसारखा येऊन पडतो.

मग आपला यर्ट? त्याचा उतार चांगला, आकार उत्तम. पण वजन! 28 चौरस मीटरच्या छपरावर सरासरी खेच निम्मी धरली, तरी ती 800 किलो होते. असा तंबू स्वतः दोनतीनशे किलोंचा. मंगोल लोकांना हे ठाऊक आहे. माथ्यावरच्या चक्राला ते एक दोर बांधून ठेवतात आणि वादळ आले, की त्याला जड ओझे लटकवतात. आपल्याकडे जूनमध्ये भिजून भुसभुशीत झालेल्या जमिनीत खुंट्या कितपत धरतील? शिवाय वरून माड पडला तर कोणत्याच आकाराचा उपयोग नाही.

पावसाचा प्रश्न तर आणखी अवघड. मंगोलियात वर्षाला सरासरी 250 मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. आपल्या या किनाऱ्यावर अडीच-तीन हजार. कोंकणातल्या घराला लांब वळचण असते, ती पागोळ्यांना भिंतीपासून दूर टाकते. यर्टला वळचण नाहीच. पाणी भिंतीवरूनच उतरते. कोरड्या हवेत नमदा वाळतो. आषाढातल्या दमट हवेत त्याला बुरशी आणि कसर लागायला किती दिवस लागतील, हे घरातल्या आजींना विचारा. पण गंमत अशी, की वळचण पावसासाठी हवी आणि वाऱ्यासाठी नको! बाहेर आलेल्या वळचणीला वारा खालून उचलतो. म्हणून शेवटचे वासे भिंतीला पक्के आवळावे लागतात. दोन संकटांशी एकाच छपराने लढायचे म्हणजे अशी तडजोड आलीच.

माझ्यापुरते उत्तर असे: कापडी यर्ट बोर्लीला नोव्हेंबर ते मे खुशाल राहावा, आणि मे संपण्यापूर्वी उतरवून माळ्यावर जावा. मिटणारे घर आहे ना ते! उन्हाळ्यात कडेचे पांघरूण गुडघाभर वर गुंडाळले आणि माथ्यावरचे चक्र उघडले, की गरम हवा वरून निघून जाते व खालून गार हवा येते. कारवीच्या कुडाच्या भिंती याच कामाला वर्षानुवर्षे उपयोगी पडल्या आहेत.

राहिली वीज आणि पाणी. चार दिवे, एक कमी विजेचा पंखा आणि दोन मोबाइल यांना दिवसाला सुमारे 500 वॉट-तास लागतात. फेब्रुवारीच्या स्वच्छ उन्हात, तुटीचा हिशेब धरून, 150 वॉटचे सौर पॅनेल हे भागवते. जुलैच्या ढगांत दुप्पटही कमी पडेल. पाण्याचे गणित उलटे आहे. 28 चौरस मीटर छपरावर पावसाळ्यात सुमारे 80,000 लिटर पाणी पडते. चौघांना रोज 160 लिटर धरले, तर कोरड्या आठ महिन्यांना 38,000 लिटर पुरतात. म्हणजे पाणी भरपूर, साठवायला टाकी नाही! आणि जे छप्पर हे पाणी झेलणार, ते तर आपण मे महिन्यात उतरवून ठेवले आहे. तेव्हा टाकी शेजारच्या कौलारू घराच्या पन्हळीखालीच ठेवावी लागेल.

आता एक काम तुमच्यासाठी. कोनमापकाच्या मध्यबिंदूला दोरा बांधून खाली दगड लटकवा आणि कोनमापकाची सरळ कड शाळेच्या छपराच्या उताराशी समांतर धरा. दोरा 90 अंशांच्या खुणेपासून जितका सरकेल, तितका उतार. गावातल्या दहा छपरांचे कोन असे मोजा. कोणते कौलांचे, कोणते पत्र्याचे, पत्र्याला दर मीटरला किती हूक, आणि वादळात त्यांतले कोणते उडाले होते, हे घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून वहीत मांडा.