हिरडा, चामडे आणि संयोजी ऊती

आंबेगाव आणि जुन्नर तालुक्यांच्या पश्चिम पट्ट्यात, आहुप्यापासून नाणेघाटापर्यंत, उन्हाळ्यात महादेव कोळी कुटुंबे हिरड्याची कोवळी फळे गोळा करतात. अंगणात वाळून काळी, सुरकुतलेली झाली की ती बाळहिरडा म्हणून विकली जातात. हिरडा औषधात लागतो, तसाच चामडे कमावण्यासाठीही. त्यातले टॅनिन कातड्यातल्या कोलॅजेनला घट्ट धरते आणि कातडे कुजायचे थांबते.

माणसाच्या शरीरातल्या प्रथिनांपैकी सुमारे ३० टक्के प्रथिन कोलॅजेनच असते. तीन पदरी दोरासारखा त्याचा रेणू हा बहुतेक संयोजी ऊतींचा मुख्य आधार. या ऊतींत पेशी विरळ असतात. मधली जागा तंतू आणि आधारद्रव्य भरून काढतात.

प्रकार मात्र बरेच. त्वचेखालची विरल ऊती अवयवांना जागच्या जागी धरते, चरबीयुक्त ऊती ऊर्जा साठवते. स्नायुरज्जू स्नायूला हाडाशी जोडतो, तर अस्थिबंध हाडाला हाडाशी. कास्थी लवचीक असते. कॅल्शियम आणि फॉस्फेटच्या क्षारांमुळे अस्थी कठीण होते. रक्तही याच गटातले, फक्त त्याचे आधारद्रव्य द्रव असते.

शिवनेरी किल्ला उतरताना गुडघ्यातल्या या साऱ्या मंडळींची परीक्षा होते. त्यातल्या कास्थीला रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे तिची झीज सहसा भरून येत नाही. गुडघा सुजला किंवा अडकू लागला, तर तेल चोळत बसण्यापेक्षा अस्थिरोगतज्ज्ञांना वेळीच दाखवावे.