छप्पन्न बॉड्या आणि एक फाटक

फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर जुनी इंग्रजी मासिकं किलोच्या भावात मिळायची, तेव्हाची गोष्ट. एका फाटक्या अमेरिकी अंकात दोन पानभर फोटो होता. जम्बो जेटचं पोट उघडं, आणि आत ओळीनं लावलेल्या मोटारींच्या बॉड्या. रंग चकचकीत, पण इंजिन नाही. मी त्या काळी पार्ल्याहून दाराच्या दांड्याला लटकून फोर्टात जायचो. गाडीनं विमानानं प्रवास करावा हे मला त्या वयात सरळसरळ अन्यायाचं वाटलं. पान फाडून घरी आणलं. ते अजून आहे, घडीवर विरलेलं.

गाडीचं नाव कॅडिलॅक अलांटे. दोन माणसांची, उघड्या टपाची, 1987 च्या मोसमाची. किंमत 54,700 डॉलर. कॅडिलॅकचं गिऱ्हाईक म्हातारं होत चाललं होतं आणि नवश्रीमंत अमेरिकन मर्सिडीजच्या एसएलमध्ये जाऊन बसत होता, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना बाकीचं सांगायला नको. मात्र ज्या एसएलला हरवायला हे सगळं चाललं होतं, ती स्वतः 1971 पासून तशीच धावत होती. सोळा वर्षांच्या गाडीच्या मागे लागायला कॅडिलॅकनं सात हजार किलोमीटरचा वळसा घेतला.

बॉडी इटलीत, तूरिनजवळच्या सान जॉर्जो कानावेझे इथे, पिनिनफारिनाच्या कारखान्यात तयार व्हायची. तीच पिनिनफारिना, जी 2015 पासून आपल्या मुंबईच्या महिंद्रांकडे आहे. रंगवून, आतली सजावट करून अशा 56 बॉड्या अलितालिया किंवा लुफ्तांसाच्या 747 मध्ये चढायच्या आणि डेट्रॉइटला उतरायच्या. इंजिन तिथे बसायचं. कंपनीला वर्षाला सहा हजार गाड्या खपवायच्या होत्या. मी पाठकोऱ्या कागदावर भागाकार केला: शंभराहून जास्त फेऱ्या. पहिल्या मोसमात गाड्या झाल्या साडेतीन हजारांच्या आत, म्हणजे साठेक फेऱ्या. या पैशात घरच्या घरी काय काय झालं असतं, हा विचार तिथल्या हिशेबनिसांनी केला नसेल असं मला वाटत नाही. केला असेल आणि गप्प बसले असतील.

या दोन घराण्यांची ओळख मात्र जुनी. 1959 आणि 60 साली कॅडिलॅकची एल्डोरॅडो ब्रॉम तूरिनमध्येच हातानं बांधली गेली, दोन वर्षांत मिळून दोनशे. त्याही आधी, 1931 मध्ये, कारखाना काढून वर्षच झालेल्या पिनिन फारिनांनी व्ही-16 इंजिनाच्या एका कॅडिलॅकवर नावेसारख्या निमुळत्या शेपटीची, उघड्या टपाची बॉडी चढवली होती. गिऱ्हाईक होते ओरछ्याचे महाराज. बुंदेलखंडातल्या एका संस्थानिकानं अमेरिकी इंजिन आणि इटालियन पत्रा ही जोडी अर्धशतक आधी जुळवून ठेवली होती, आणि डेट्रॉइटच्या साहेबांना आपण काही नवं करतोय असं वाटत होतं!

आता हूडकडे येतो, कारण माझ्या मते या गाडीचं सगळं दुखणं तिथे आहे. जवळजवळ 55 हजार डॉलरच्या गाडीचा कापडी हूड हातानं काढायचा. पुढच्या काचेच्या चौकटीवरचे खटके सोडवा, खाली उतरा, मागचं झाकण उचला, हूडची घडी करून आत दाबा, झाकण बसवा. आपला रिक्षावाला पाऊस आला की बाजूचे पडदे सोडतो, त्याला एवढा वेळ लागत नाही. बरं, लावल्यावर तरी गप्प बसावा? सुरुवातीच्या गाड्यांत पाणी गळायचं आणि वेग घेतला की वारा शीळ घालायचा. सोबत ॲल्युमिनियमचा पक्का टपही मिळायचा, पण तो काढायचा आणि ठेवायचा कुठे, हा प्रश्न मालकाचा. ‘डॅलस’ मालिकेतला जे. आर. युइंग मर्सिडीज सोडून अलांटे चालवू लागला. त्याच्या टपाची काळजी टेक्सासच्या उन्हानं घेतली असावी.

मग दुरुस्त्या सुरू झाल्या. 1987 ला 170 अश्वशक्ती होती. एसएलला अमेरिकेत 227. 1989 मध्ये साडेचार लिटरचं इंजिन आलं, 200 अश्वशक्ती झाली. 1990 ला पक्का टप वगळून किंमत उतरवली, चाकं जागेवर घसरू नयेत म्हणून यंत्रणा बसवली. दरवर्षी काहीतरी चांगलं होत गेलं, हे मान्य केलं पाहिजे. इंजिन पुढची चाकं ओढायचं ते मात्र ओढतच राहिलं. हूडही हाताचाच राहिला.

आणि नेमकं 1989 च्या मार्चमध्ये जिनिव्हात मर्सिडीजनं नवी एसएल उभी केली. बटण दाबलं की टप आपोआप उघडतो, आपोआप मिटतो. गाडी उलटायला लागली तर डोक्यामागची पोलादी कमान 0.3 सेकंदात वर येते. अमेरिकेतल्या 500 एसएलला 322 अश्वशक्ती. अलांटे जिच्याशी शर्यत लावून बसली होती ती म्हातारी घरी गेली आणि तिची नात मैदानात उतरली.

कॅडिलॅककडे एक पत्ता शिल्लक होता: नॉर्थस्टार. सगळं ॲल्युमिनियमचं, 4.6 लिटरचं, 32 झडपांचं इंजिन, 295 अश्वशक्ती. रेडिएटरमधलं पाणी संपलं तरी ते सिलिंडर आळीपाळीनं बंद ठेवून, नुसत्या हवेवर थंड होत, हळूहळू घरापर्यंत यायचं. ही कल्पना मला आजही लोभस वाटते. (पुढे हेड गॅस्केट बसवणाऱ्या बोल्टचे आटेच ॲल्युमिनियममधून सुटायला लागले आणि अमेरिकेतले मेकॅनिक या इंजिनाला शिव्या घालू लागले, तो भाग वेगळा.)

मे 1992 मध्ये इंडियानापोलिसच्या 500 मैलांच्या शर्यतीत ही नॉर्थस्टारवाली अलांटे सगळ्यांच्या पुढे धावली, म्हणजे पेस कार म्हणून. चालवायला बॉबी अन्सर. त्या दिवशी इतकी थंडी होती की पहिल्या जागेवरून सुटणार असलेला रॉबर्टो गरेरो शर्यत सुरू होण्याआधीच, टायर तापवण्याच्या फेरीत, भिंतीवर आदळला. दुपारी अल अन्सर ज्युनियर 0.043 सेकंदांनी जिंकला. काकांनी वाट दाखवली, पुतण्यानं शर्यत मारली.

1993 च्या मोसमात साडेचार हजारांहून जास्त अलांटे झाल्या. सात वर्षांतलं सर्वांत चांगलं वर्ष. आणि त्याच वर्षी उत्पादन थांबलं. आधीच्या वर्षी जनरल मोटर्सच्या ताळेबंदात 23.5 अब्ज डॉलरचा तोटा निघाला होता, अध्यक्ष घरी गेले होते. अशा वेळी विमानानं बॉड्या आणणाऱ्या गाडीचं कोण ऐकणार? शहाणं इंजिन मिळायला सहा वर्षं लागली, तोवर गिऱ्हाईक हूड दाबून दमलं होतं.

इथे मी लेख संपवणार होतो. पण विमानातून उतरलेल्या बॉड्या जात कुठे, हे शोधताना ज्या कारखान्याचं नाव सापडलं, त्यानं पुढचे सहा महिने खाल्ले.

डेट्रॉइट-हॅमट्रॅमिक. तिथे आधी पोलटाउन नावाची वस्ती होती: म्हातारे पोलिश, त्यांचे कृष्णवर्णीय शेजारी, चर्चं, दुकानं, तेराशेच्या वर घरं, चार हजारांवर माणसं. जपान्यांशी टक्कर द्यायला जनरल मोटर्सला नवा, यंत्रमानवांनी भरलेला कारखाना हवा होता. महापौर कोलमन यंग यांच्या डेट्रॉइटनं ‘सार्वजनिक उपयोगा’साठी वस्ती ताब्यात घेतली आणि कंपनीला दिली. मार्च 1981 मध्ये मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध दोन मतांनी ते योग्य ठरवलं. सहा हजार नोकऱ्यांचं वचन होतं. पुन्हा तोच सहा हजार! सुरुवातीची कित्येक वर्षं भरती त्याच्या जवळपासही गेली नाही.

इमॅक्युलेट कन्सेप्शन चर्चचे फादर जोसेफ कारासेविच वरिष्ठांच्या विरोधात जाऊन लोकांबरोबर उभे राहिले. चर्च धर्मप्रांतानं विकून टाकलं होतं. बायाबापड्या तळघरात जवळजवळ महिनाभर ठाण मांडून बसल्या. जुलैत पोलिसांनी त्यांना उचललं, चर्च पाडलं. डिसेंबरात फादर गेले. मुळशीचं नाव ऐकत मोठ्या झालेल्या माणसाला यात नवं काही नाही. तिथे धरण होतं, इथे गाडी. 2004 मध्ये त्याच न्यायालयानं आपला जुना निकाल चुकीचा ठरवला. तोपर्यंत अलांटे बंद पडूनही अकरा वर्षं झाली होती.

कारखान्याच्या आवारात एक जागा मात्र कुणाला पाडता आली नाही. बेथ ओलेम, एकोणिसाव्या शतकातली ज्यू दफनभूमी. विटांच्या भिंतीआड हजारभर थडगी, आणि चारी बाजूंनी कारखाना. पासओव्हरच्या आधीचा रविवार आणि रोश हशानाच्या आधीचा रविवार, वर्षातून एवढेच दोन दिवस फाटक उघडतं. कारखान्याच्या आवारातून वाट काढत नातवंडं-पतवंडं आत जातात.

कारखान्याचं नाव आता फॅक्टरी झिरो. 2021 पासून तिथे विजेवर चालणारी हमर तयार होते. तिचाही टप उघडतो. तो तुकड्यांतुकड्यांत सोडवायचा, उचलायचा आणि बोनेटखालच्या डिकीत ठेवायचा. हातानं.