फासा कधी टाकायचा, कधी नाही

आज आम्ही एका खेळाबद्दल बोलणार आहोत. खेळ परदेशातला आहे, पण त्यात जे पेच पडतात ते आपल्या बचत गटाच्या बैठकीतही पडतात. म्हणून हा विषय घेतला.

खेळाचं नाव 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी तो अमेरिकेत तयार केला आणि १९७४ साली तो प्रसिद्ध झाला. आता आपल्याकडेही शहरात शिकणारी मुलंमुली तो खेळतात. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. प्रत्येक जण गोष्टीतलं एक पात्र घेतो. कुणी लढवय्या, कुणी जादूगार. एक जण गोष्ट पुढे नेतो, त्याला आपण सूत्रधार म्हणू. सूत्रधार सांगतो, "समोर ओढा आहे, पूल तुटलाय. काय करता?" एखादी म्हणते, "मी उडी मारते." मग उडी जमली की नाही, हे फासा ठरवतो.

हा फासा वीस बाजूंचा असतो, त्यावर १ ते २० आकडे असतात. २०१४ च्या नियमपुस्तकाप्रमाणे सोप्या कामाला १० किंवा जास्त पडावं लागतं, मध्यम कामाला १५, अवघड कामाला २०. समजा, आपल्याला १५ हवेत. १५ ते २० अशा सहाच बाजू कामाच्या. वीसात सहा, म्हणजे शंभरात तीस. पण ते पात्र उडी मारण्यात तरबेज असेल, तर पडलेल्या आकड्यात समजा ५ मिळवतात. मग १० पडले तरी भागतं. कामाच्या बाजू झाल्या अकरा, म्हणजे शंभरात पंचावन्न.

आणखी एक नियम आम्हाला फार आवडला. दुसऱ्या पात्राने मदत केली, तर फासा दोनदा टाकायचा आणि मोठा आकडा धरायचा. कसब नसलं तरी बघा काय होतं. एका फाशात फसण्याची शक्यता शंभरात सत्तर. दोन्ही वेळा फसण्याची शक्यता सत्तरचे सत्तर टक्के, म्हणजे एकोणपन्नास. उरले एक्कावन्न. नुसत्या सोबतीने तिसाचे एक्कावन्न झाले!

आता एक गैरसमज. तीनदा लहान आकडा पडला, म्हणून चौथ्यांदा मोठा पडेलच असं नाही. फाशाला मागचं आठवत नाही. लॉटरीवाला म्हणतो, "हा आकडा बरेच दिवस आला नाही, आज येणारच." ते खोटं आहे. आणि घरात म्हणतात ना, "तीन मुली झाल्या, आता मुलगाच होणार"? तेही तसंच. चौथ्या खेपेलाही शक्यता जवळजवळ निम्मी-निम्मीच असते. शिवाय मुलगा की मुलगी, हे बापाकडून येणाऱ्या बीजावर ठरतं. त्यासाठी बाईला बोल लावणं, तिला पुन्हा पुन्हा बाळंतपणात ढकलणं, याला काहीही आधार नाही.

आता नियमांकडे येऊ. या खेळात प्रत्येक गोष्टीला फासा टाकत नाहीत. दार उघडंच असेल तर आत जायला फासा कशाला? कुणी म्हणालं, "मी एका उडीत चंद्रावर जाते," तर तिथेही फासा नाही. जमेल की नाही याची खरोखर शंका असेल, तेव्हाच फासा. आणि पुस्तकात नसलेला प्रसंग आला, तर सूत्रधार निवाडा देतो. काही सूत्रधार पडद्याआड फासा टाकतात. मग कुरबुर सुरू होते, "खरंच तेवढेच पडले का?" उघड्यावर टाकला तर हरणाराही गप्प बसतो.

आता गटाचं बघू. शिल्लक दहा हजार आहे आणि दोघींनी कर्ज मागितलंय. एकीचं लेकरू दवाखान्यात आहे, दुसरीला शेळी घ्यायची आहे. इथे चिठ्ठी टाकायची? नाही. गरज कुणाची मोठी हे समोर दिसतंय, तिथे चिठ्ठी टाकणं म्हणजे जबाबदारी टाळणं. पण दोघींनाही पेरणीआधी खतच घ्यायचं असेल, दोघींची परतफेड नियमित असेल, तर चिठ्ठी न्यायाची. मात्र आधी सगळ्यांनी होकार द्यावा, चिठ्ठ्या सगळ्यांसमोर लिहाव्यात, आणि जिचं नाव निघालं नाही तिचा पुढचा नंबर पहिला, हे आधीच ठरवावं. चिठ्ठी उघडल्यावर नियम बदलायचे नाहीत.

तसंच दंडाचं. "गैरहजर राहिल्यास दहा रुपये दंड" असं नियमात लिहिलंय आणि एखादी ओली बाळंतीण घरी आहे. नियम कशासाठी केला? बैठक नियमित व्हावी म्हणून, पैसे गोळा व्हावेत म्हणून नव्हे. मग तिला सूट देणं योग्यच. पण सूट ठरावात लिहा. आज अध्यक्षांच्या सुनेला सूट आणि उद्या दुसरीला दंड, असं झालं की गट फुटायला वेळ लागत नाही.

एक फरक मात्र ध्यानात ठेवा. खेळात शेवटचा शब्द सूत्रधाराचा असतो. गटात तो अध्यक्षांचा नाही, सचिवांचा नाही, आम्हा समन्वयकांचाही नाही. तो बैठकीचा आहे.

येत्या बैठकीत आपली नियमावली मोठ्याने वाचा. प्रत्येक नियमापाशी थांबून विचारा, "हा कशासाठी केला होता?" ज्याचं उत्तर कुणालाच सापडणार नाही, त्या नियमावर त्याच दिवशी चर्चा करा.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.